दोन फोटोंमधली ‘तीच’ रेषा कम्प्युटरला का ओळखता येत नाही?

गुगल मॅप्सचं ‘लाइव्ह व्ह्यू’ २०१९ मध्ये आलं. कॅमेरा समोरच्या इमारतींकडे धरा, तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते फोन सांगतो. त्यासाठी कॅमेऱ्यातलं दृश्य आधी काढलेल्या फोटोंशी जुळवावं लागतं. बहुतेक सिस्टिम्स यासाठी ठळक ठिपके शोधतात: कोपरे, डाग, पाटीवरची अक्षरं.

मग रेषा कशाला?

ऑफिसचा कॉरिडॉर किंवा पांढऱ्या भिंतींची खोली घ्या. तिथे ठिपके फारसे सापडतच नाहीत. दाराच्या चौकटी, पायऱ्या, छताच्या कडा मात्र असतात. म्हणजे रेषाच रेषा.

अडचण कुठे येते?

एक, रेषेची टोकं भरवशाची नसतात. मध्ये झाड आलं की एका रेषेचे दोन तुकडे होतात.

दोन, सगळ्या सारख्याच दिसतात. वीस मजली इमारतीतली चौथ्या मजल्यावरची खिडकी कोणती आणि पाचव्यावरची कोणती?

तीन, इथे भूमितीही हात टेकते. दोन्ही कॅमेऱ्यांच्या जागा माहीत असतील, तर एका फोटोतला ठिपका दुसऱ्या फोटोत एका ठरावीक रेषेवरच दिसू शकतो. तिथे नसेल तर जोडी चुकली. पण टोकं बाजूला ठेवली, तर दोन फोटोंमधल्या जवळपास कुठल्याही दोन रेषांची जोडी गणितात बसते. चूक पकडायला तिसरा फोटो लागतो.

यावर उपाय काय?

शेजार बघायचा. २०१३ च्या ‘एलबीडी’ पद्धतीत रेषेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधला उजेड-अंधार मोजला जातो. २०२१ चं ‘सोल्ड२’ हे एआय मॉडेल रेषेचा काही भाग झाकलेला असतानाही जुळणी करायला शिकलं. २०२३ चं ‘ग्लूस्टिक’ ठिपके आणि रेषा एकत्रच जुळवतं. एकसारख्या दारांच्या चाळीत आपण शेजारच्या खुणांवरून घर ओळखतो, तसंच.

तुम्हाला याचं काय?

जुळणी चुकली की रोबोट स्वतःला भलत्याच कॉरिडॉरमध्ये समजतो. नकाशाही चुकतो, आणि तो आत्मविश्वासाने चुकतो.

व्हायरल व्हिडिओ ‘इथलाच आहे’ असं म्हणत दोन फोटो शेजारी ठेवले जातात, तेव्हाही हाच नियम लावा. एक बाल्कनी किंवा एक कठडा जुळला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. आजूबाजूच्या खुणा जुळतात का? वेगळ्या कोनातून काढलेला तिसरा फोटो आहे का? नसेल, तर फॉरवर्ड करायची घाई नको.