हृदयाचे इंधन बदलते तेव्हा



व्यापारात भांडवल असणे पुरेसे नसते; ते वेळेवर हाती यावे लागते. गर्भातील बाळाच्या हृदयालाही हाच नियम लागू पडतो.

गर्भधारणेनंतर सुमारे २२ दिवसांनी हे हृदय स्पंदू लागते. गर्भावस्थेत त्याचे मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज आणि लॅक्टेट. गर्भाशयात प्राणवायू बेताचाच मिळतो आणि तेवढीच ऊर्जा मिळविण्यासाठी साखरेपेक्षा चरबीला अधिक प्राणवायू खर्ची पडतो. जन्मानंतर परिस्थिती पालटते. श्वासाबरोबर प्राणवायू मुबलक होतो आणि आईच्या दुधातील जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते. मग हृदय हळूहळू चरबीकडे वळते. प्रौढ हृदयाची निम्म्याहून अधिक ऊर्जा मेदाम्लांतूनच मिळते.

या बदलाची पूर्वतयारी करण्यात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. आईच्या रक्तातील बहुतांश कॉर्टिसॉल वार निष्क्रिय करते, म्हणून ते बाळापर्यंत अकाली पोहोचत नाही. अखेरच्या आठवड्यांत मात्र बाळाच्या स्वतःच्या शरीरात ते वाढू लागते. एडिंबरो येथील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, ज्या उंदरांच्या गर्भात हा निरोप स्वीकारण्याची सोयच नव्हती, त्यांची हृदये अपरिपक्व राहिली. हृदयपेशींची चरबी जाळण्याची क्षमताही हेच संप्रेरक वाढविते, असे पुढील प्रयोगांत आढळले.

बाळ अकाली जन्मले तर हा निरोप पोहोचण्याआधीच त्याला जगात यावे लागते. त्याची फुफ्फुसेही तयार नसतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि होवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की, अशा मातेस वेळीच स्टेरॉईडचे इंजेक्शन दिल्यास बाळाचा श्वसनविकार व मृत्यू टळू शकतो. हे औषध कॉर्टिसॉलच्याच जातीचे असते. परंतु वार त्यास फारसे अडवीत नाही. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अकाली प्रसूतीची चिन्हे दिसल्यास हे इंजेक्शन सुचविले आहे.

‘स्टेरॉईड’ हा शब्द ऐकताच अनेक घरांत वडीलधारी मंडळी बिचकतात आणि नात्यातल्या चार जणांचे मत घेण्यात बहुमोल तास निघून जातात. या औषधाचा पुरेपूर लाभ प्रसूतीपूर्वी साधारण एक दिवस आधी दिल्यास मिळतो, हे ध्यानी असावे. ते प्रत्येक गर्भवतीसाठी नाही, वारंवार घेण्याचेही नाही. मातेस मधुमेह असल्यास तिची साखर काही दिवस वाढते, म्हणून डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. शंका जरूर विचाराव्यात. मात्र त्या तज्ज्ञांनाच आणि तत्काळ विचाराव्यात. सूनबाईंच्या वा लेकीच्या उदरातील त्या चिमुकल्या हृदयासाठी प्रश्न वेळेचा असतो.