पहिल्या बाईंची खुर्ची

शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त होतात, महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई पंचवीस वर्षांनी पायउतार होतात, आणि त्यांच्या जागी येणारीचं काही खरं नसतं. 'आधीच्या बाई असत्या ना, तर...' हे तिला पहिल्या दिवसापासून ऐकावं लागतं. आमटी चांगली झाली तरी सासूबाईंच्या हातची चव नाहीच!

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची हकीकत वाचताना मला सारखं हेच आठवत होतं. अमेरिकेत कॉलेजचा संघ म्हणजे गावाचा जीव की प्राण. प्रशिक्षक बदलला की जुन्या-नव्याची तुलना ठरलेलीच.

1974 मध्ये पॅट समिट या संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा त्यांचं वय होतं 22. पगार महिना 250 डॉलर. मुलींचे गणवेश त्याच धुवायच्या, सामन्याला न्यायची गाडीही त्याच चालवायच्या. ते गणवेशसुद्धा आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशातून घेतलेले. (आपल्याकडे पापड विकून मंडळाच्या सतरंज्या येतात, तसंच की!) पहिला सामना त्या एका गुणाने हरल्या. पुढे 38 हंगामांत 1098 सामने जिंकले, आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मला मात्र सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली.

2011 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, समिटबाईंना अल्झायमरचं निदान झालं. विस्मरणाचा आजार. त्याही स्थितीत त्या आणखी एक हंगाम बाकावर बसल्या. बरंचसं काम सांभाळलं ते होली वॉर्लिक यांनी. एके काळची त्यांचीच खेळाडू, नंतर 27 वर्षं त्यांची सहायक. घरातल्या थोरल्या सुनेसारखी. 2012 मध्ये संघ रीतसर वॉर्लिक यांच्याकडे आला. सात हंगाम, 172 विजय, तीनदा देशातल्या शेवटच्या आठ संघांत. 2019 मध्ये त्यांना दूर केलं. मग आल्या केली हार्पर, 1996 ते 1998 अशी सलग तीन विजेतेपदं जिंकणाऱ्या समिटबाईंच्या संघातली मुलगी. पाच हंगाम, 108 विजय, 2022 आणि 2023 मध्ये शेवटच्या सोळांत. 2024 मध्ये त्यांनाही नारळ दिला.

दुसऱ्या एखाद्या कॉलेजने अशा आकड्यांवर सत्कार केला असता. टेनेसीत त्यांना अपयश म्हटलं गेलं. लोकांची तक्रार खोटी नव्हती. 2008 नंतर 2025 पर्यंत हा संघ शेवटच्या चारांत एकदाही पोहोचला नाही. पण गंमत बघा, त्यातले पहिले चार हंगाम खुद्द समिटबाईंचेच होते! 2009 मध्ये तर त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरला. तोवर बाकीचे संघही तयार झाले होते. चांगल्या मुली एकट्या टेनेसीच्या राहिल्या नव्हत्या.

आणि वेळेचं काय? समिटबाईंना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं 1987 मध्ये, तेराव्या हंगामात. कनेटिकटच्या जिनो ऑरिएमांना 1995 मध्ये, दहाव्या. साउथ कॅरोलिनाच्या डॉन स्टेली यांना 2017 मध्ये, नवव्या. वॉर्लिकना मिळाले सात आणि हार्परना पाच. कुणी म्हणेल, 1974 मध्ये मुलींच्या खेळाकडे बघत होतं कोण, म्हणून समिटबाईंना सवड मिळाली. खरंय. पण ज्या बाईने हा खेळ लोकांना बघायला लावला, तिच्या यशाची किंमत तिच्याच मुलींनी मोजावी, हे मला पटत नाही. 2005 पासून तिथल्या मैदानालाच 'द समिट' असं नाव आहे. रोज त्याच नावावर उभं राहून काम करायचं. तुम्हीच सांगा, सोपं आहे?

2024 मध्ये टेनेसीने किम कॅल्डवेल यांना आणलं. या समिटबाईंच्या हाताखाली कधी खेळलेल्या नाहीत. जानेवारी 2025 मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि एकच सामना चुकवून आठवड्याभरात त्या बाकावर हजर! फेब्रुवारीत त्यांच्या संघाने कनेटिकटला 80-76 असं हरवलंही. 1990 मध्ये समिटबाई एका मुलीला संघात घेण्यासाठी पेनसिल्व्हेनियाला गेल्या असताना त्यांना कळा सुरू झाल्या होत्या, आणि बाळ टेनेसीतच जन्मावं म्हणून त्या तशाच विमानाने परतल्या. ती गोष्ट आजही कौतुकाने सांगतात. कॅल्डवेलबाईंचंही असंच कौतुक झालं. मला मात्र वाटलं, ओल्या बाळंतिणीला आठ दिवसांत उभं राहावंसं वाटलं, त्यात हौस किती आणि धास्ती किती?

2025 मध्ये त्यांचा संघ शेवटच्या सोळांपर्यंत गेला. तो त्यांचा पहिला हंगाम. समिटबाईंचाच हिशेब लावला तर त्यांचा तेरावा हंगाम पडतो 2036-37 मध्ये.