आणखी फक्त पाच मिनिटं

महापालिकेच्या संकेतस्थळाची फेरमांडणी करायची म्हटलं, की यूएक्स (वापरकर्ता-अनुभव) टीमला नागरिकांकडून तीन कामं करून हवी असतात. मालमत्ता कर, जन्मदाखला, नळजोडणी अशी तीस-चाळीस कार्डं त्यांनी आपल्या समजुतीने गटांत लावायची. मग नुसत्या मेन्यूच्या सांगाड्यात ‘गढूळ पाण्याची तक्रार कुठे कराल?’ ते शोधून दाखवायचं. शेवटी चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. कार्ड सॉर्ट, ट्री टेस्ट, सर्व्हे. एक संपलं की ब्राउझर आपोआप पुढच्यावर नेईल, अशी सोय ऑप्टिमल वर्कशॉप, क्वाल्ट्रिक्स यांसारख्या साधनांत आहे. मग माणूस एकदा हाती लागलाय तर तिन्ही कामं उरकून का घेऊ नयेत?

मोह समजण्यासारखा आहे. माणसं गोळा करणं हेच या कामातलं सर्वांत जिकिरीचं. शिवाय प्रत्येकाचा आयडी लिंकमधून पुढे पाठवला, तर नळजोडणी ‘परवाने’ या गटात टाकणाऱ्यानेच पुढे ती मेन्यूत कुठे शोधली, हे कळतं. वेगवेगळ्या माणसांकडून हे कधीच कळणार नाही.

अडचण अशी, की चाळीस कार्डं हाताळलेला माणूस ट्री टेस्टला नवखा राहत नाही. वर्षातून एकदा कर भरायला येणारा नागरिक नवखाच असतो, आणि आपल्याला त्याचीच चाचपणी करायची असते. निम्म्यांना क्रम उलटा दिला तर हा परिणाम वाटला जातो, दिसूही शकतो. पुसला मात्र जात नाही. जुना मेन्यू आणि नवा मेन्यू एकाच माणसापुढे लागोपाठ ठेवणं तर निव्वळ फसवणूक, स्वतःचीच. तिथे माणसं वेगळी हवीत.

सगळ्यांनी सगळं करण्याची गरजही नसते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००४ मध्ये कार्ड सॉर्टसाठी १५ जण पुरेत असं सुचवलं होतं. ट्री टेस्टमधल्या टक्केवारीवर विसंबायचं तर त्याहून बरीच जास्त माणसं लागतात. मग उरलेल्यांना कार्डं लावत बसवायचं कशाला?

समोरच्या माणसाच्या बाजूने बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, ‘छोटीशी चाचणी’ म्हणून. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कार्डं सरकवून झाली, ‘धन्यवाद’ दिसलं आणि लगेच दुसरं पान उघडलं: आणखी फक्त पाच मिनिटं. व्हाउचरचा कोड तिसऱ्याच्या शेवटी. मध्येच सोडलं तर हात हलवत परत. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यावर पोचलेला माणूस वाचत नाही, नुसतं टिचकत सुटतो. आपण ती त्याची मतं म्हणून मोजतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती विशिष्ट हेतूपुरती हवी आणि ती मागे घेणं, देण्याइतकंच सोपं असायला हवं. आयडी तीन ठिकाणी फिरणार असेल तर ते पहिल्याच पानावर, साध्या मराठीत यायला हवं.

माझं झुकतं माप जोडणीकडेच, पण आखूड. आधी ट्री टेस्ट, मागून सर्व्हे, बस. कार्ड सॉर्ट त्यांच्यामागे लावायचाच, तर तो फक्त थोड्यांसाठी, आणि एखादी सेवा अमुक गटात टाकणारा माणूस तीच सेवा ट्री टेस्टमध्ये कुठे शोधतो हा प्रश्न खरोखर असेल तेव्हाच. मोबदला मात्र प्रत्येक टप्प्यागणिक द्यावा. हिशोबाचं काम वाढेल. वाढू द्या.