तबला आणि लेखणी

गाण्याच्या बैठकीचा वृत्तान्त वर्तमानपत्रात छापून येतो, तेव्हा गवयाने कोणता राग आळवला, आलापी कशी झाली, तान किती दाणेदार होती, याविषयी दोन-तीन परिच्छेद लिहिलेले आढळतात. अखेरीस एक ओळ असते : तबल्यावर अमुक यांनी समर्पक साथ केली. तीन-तीन तास मांडी न मोडता बसलेल्या, गवयाच्या मुखाकडे पाहत क्षणोक्षणी त्याचे गाणे सावरून धरणाऱ्या मनुष्याच्या वाट्याला एवढेच पाच-सहा शब्द! कधी कधी तर त्याचे नावही चुकलेले असते.

हे कोणी आकसाने करतो असे नाही. तबल्यावरील हातांनी काय केले, हे लिहिणाऱ्याला कळलेलेच नसते, हे त्याचे खरे कारण होय. जे कळले नाही, त्याविषयी मनुष्य फार तर एक विशेषण लिहितो आणि पुढे जातो.

त्रितालाचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या मात्रा सोळा, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु रूढ ठेक्यात नवव्या मात्रेला खाली येते, दहाव्या मात्रेपासून बायाचा घुमारा थांबून दायाचा कोरडा नाद तेवढा उरतो, आणि चौदाव्या मात्रेला बाया पुन्हा बोलू लागला की सम जवळ आल्याची वर्दी मिळते. ही गोष्ट ज्याच्या बोटांनी अनुभवली आहे, तो बैठकीत निराळ्याच कानांनी ऐकतो. गवई समेपाशी येऊन मुद्दाम रेंगाळला आणि तबलजीने ते ओळखून ठेका साधा ठेवला, हे त्याच्या ध्यानात येते. इतरांनाही ती जागा गोड वाटते. का गोड वाटली, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. आणि संगीतावर लिहिणाऱ्याचे काम तर ‘का’ हे सांगण्याचेच आहे. म्हणून ज्याला संगीताविषयी लिहावयाचे असेल, त्याने काही वर्षे तरी एखाद्या वाद्यावर हात बसवावा. आणि ते वाद्य तालाचे असेल, तर अधिकच बरे.

परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावातील मुलांना हे फार समजावून सांगावयास नको. सप्ताह बसला की कीर्तनाच्या आधी पखवाजाच्या डाव्या पुडीला ओल्या कणकेचा गोळा कसा लावतात, कणीक सुकू लागली की नाद कसा पालटतो, टाळकऱ्यांची लय हाताबाहेर जाऊ लागली म्हणजे पखवाजी ती कशी आवरतो, हे सारे खेड्यातील मुलांनी जवळून पाहिलेले असते. पखवाजवादनासाठी १९८६ साली पद्मश्रीचा मान मिळालेले शंकरबापू आपेगावकर याच मराठवाड्यातले. तेव्हा जाणकारी गावात आहे. उणीव आहे ती निराळीच. पखवाज वाजविणाऱ्या मुलाला आपण यावर चार ओळी लिहाव्यात असे सुचत नाही, आणि शहरात लिहिणाऱ्याला आपण वाजवून पाहावे असे वाटत नाही. हात एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची, अशी वाटणी होऊन बसली आहे. ती कोणी ठरवून केलेली नाही. आणि ती मानलीच पाहिजे, असेही नाही.

मुंबईचे अनीश प्रधान यांनी ती मानलेली नाही. ते तबलावादक. पंडित निखिल घोष हे त्यांचे गुरू. गायक-वादकांना साथ करणे आणि स्वतंत्र तबलावादन करणे, हा त्यांचा व्यवसाय. तेवढ्यावर ते थांबले असते, तरी कोणी त्यांना उणे म्हटले नसते. परंतु त्यांनी मुंबई विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळविली, आणि २०१४ साली ‘हिंदुस्तानी म्युझिक इन कलोनियल बॉम्बे’ हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. इंग्रजी अमदानीतील मुंबईत हिंदुस्थानी संगीत कसे वाढले, त्याला आश्रय कोणी दिला, ते शिकण्याच्या सोयी कशा झाल्या, याचा त्यात शोध घेतला आहे. याच मुंबईत १८७० साली पारशी रसिकांनी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली होती, आणि पंडित भातखंडे यांचाही पुढे तिच्याशी संबंध आला. राजदरबाराच्या आश्रयाने जगणारी कला शहरात आली, तेव्हा कलावंताला पैसे कोण देणार, त्याच्याकडून शिकणार कोण, त्याचे नाव कोणत्या अक्षरांत छापले जाणार, असे प्रश्न निर्माण झाले. गाणे केवळ ऐकणाऱ्याला असले प्रश्न सहसा पडत नाहीत. साथीला बसणाऱ्याला ते पडतात. कारण त्यांची झळ त्याला लागलेली असते.

ग्रंथाखेरीज प्रधानांनी ‘स्क्रोल’ या इंग्रजी वृत्तसंकेतस्थळासाठी संगीतावर सदरही लिहिले. तालांची घडण, ऋतूंची गाणी, जुन्या ध्वनिमुद्रिका असे त्यातील विषय. नुसती माहिती देऊन न थांबता ध्वनिमुद्रणे ऐकावयास सांगणे, ही त्यांची पद्धत वाखाणण्याजोगी आहे. वाचकाने आपले म्हणणे आपल्या कानांनी पडताळून पाहावे, अशी ज्याची तयारी असते, त्या लेखकावर विश्वास ठेवावासा वाटतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. ज्या गवयाला रात्री साथ करावयाची, त्याच्या गाण्यातील दोष सकाळी कसे लिहावयाचे? लिहिले, तर पुढचे बोलावणे येणार नाही. न लिहिले, तर वाचकाची फसवणूक होईल. केशवराव भोळे हे स्वतः गाणारे, आणि पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) व ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटांना संगीत देणारे. त्यांनी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात आपल्या काळच्या नामवंत गायकांवर लिहिले, ते ‘एकलव्य’ या टोपणनावाने. टोपणनावाने संकोच काहीसा कमी होतो. तथापि ज्याच्यावर टीका झाली, त्याला टीकाकार कोण हे जाणण्याचा हक्क नाही काय? या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. प्रधानांच्या लेखनाचा भर कालच्या बैठकीच्या गुणदोषांवर नसून संगीताच्या घडणीवर आणि इतिहासावर आहे. तोही एक प्रामाणिक मार्ग होय. आपण कोणाचे गुणदोष लिहू शकत नाही हे ओळखून त्या वाटेला न जाणे, हे खोटी स्तुती लिहिण्यापेक्षा केव्हाही चांगले.

वाद्य न वाजविताही संगीतावर उत्तम लिहिता येते, असे म्हणणारे वामनराव देशपांडे यांचे उदाहरण देतात. व्यवसायाने ते हिशेबतपासनीस, आणि ‘घरंदाज गायकी’ (१९६१) हा त्यांचा ग्रंथ मराठीत मान्यता पावलेला. पण तेही जाणत्या गुरूंकडे गाणे शिकले होते, हे सांगावयाचे राहून जाते.

हा मार्ग सोपा नाही. रियाजाला रोजचे काही तास लागतात, आणि लेखालाही लागतात. दिवस मात्र दोघांत मिळून एकच असतो. तरीही कोणीतरी हे कष्ट घेतलेच पाहिजेत, याचे कारण तबल्याच्या विद्येतच आहे. कायदे, रेले, गती, तुकडे हे सारे बोल गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी पडत आले. गुरू गेला आणि शिष्य विसरला, की तो बोल संपला. तो बोल ऐकून उतरवून घेण्यासाठी वाजविणाराच लागतो. केवळ लिहिणाऱ्याला त्यातली वळणे कळत नाहीत. अरविंद मुळगांवकर हे उस्ताद अमीर हुसेन खाँ यांचे शिष्य. त्यांनी ‘तबला’ हा ग्रंथ १९७५ साली मराठीत लिहिला, म्हणून त्या विद्येतील कितीतरी गोष्टी मराठी वाचणाऱ्याला घरबसल्या पाहता येतात.

प्रधानांचे गुरू निखिल घोष यांनीही तबला आणि लेखणी ही दोन्ही हाताळली होती. १९५६ साली त्यांनी मुंबईत संगीत महाभारती ही संस्था काढली. १९६८ साली राग-तालांची मूलतत्त्वे सांगणारा इंग्रजी ग्रंथ लिहून त्यात आपली नवी लेखनपद्धती मांडली. भारतातील साऱ्या संगीताचा कोश करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. ते प्रचंड होते. १९९५ साली घोष वारले, तेव्हा कोश छापून झालेला नव्हता. संस्थेने ते काम सोडले नाही. कोशाचे तीन खंड २०११ साली बाहेर पडले, तेव्हा घोष यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.