तार गेली, तिचे काम कुणाकडे गेले?

१ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा बंद करून स्पीड पोस्टात मिसळून टाकली. त्याच वर्षाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्डने पत्रे वाटणे थांबवले. तिथले सरकारी टपाल १६२४ पासूनचे. आपल्याकडची तार तर १४ जुलै २०१३ च्या रात्रीच गेली. असे काही बंद झाले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काहींचे डोळे पाणावतात, आणि बाकीचे त्यांना विचारतात, ‘तुम्ही शेवटची तार कधी केली होती?’ प्रश्न बिनतोड आहे, पण तो अर्धाच आहे. जुने साधन बंद करावे की नाही यावर फारसे भांडण उरत नाही. ते कधी, कुणी आणि कुठल्या अटींवर बंद करावे यावर भांडायला हवे, आणि तेच राहून जाते.

आधी हिशेबवाल्यांचे म्हणणे ऐकू, कारण ते सहज खोडून काढता येण्यासारखे नाही. १९८५ च्या सुमारास देशात वर्षाला सहा कोटी तारा जात-येत होत्या. बंद होताना तारसेवेचे वार्षिक उत्पन्न पाऊण कोटीच्या आसपास आणि खर्च शंभर कोटींच्या वर, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. २०११ मध्ये दर वाढवून पन्नास शब्दांना २७ रुपये केले, तरी ही दरी बुजणे शक्यच नव्हते. तोवर गल्लीतल्या पोराच्या खिशातही मोबाइल आला होता. जी सेवा कुणी वापरत नाही तिच्यावर करदात्याचे पैसे ओतत राहणे म्हणजे त्याच पैशात होऊ शकणारे दुसरे काम नाकारणे, हा युक्तिवाद भावनाशून्य वाटला तरी खरा आहे.

शिवाय तारेबद्दलच्या हळहळीत बरीच भेसळ आहे. ती काही आपल्या सोयीसाठी आली नव्हती. विल्यम ओशॉनेसी या शल्यवैद्याने १८३९ मध्ये कलकत्त्यात तारेचे प्रयोग केले. बाराएक वर्षांनी गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला हाताशी धरले, आणि कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणारे जाळे इतक्या झपाट्याने उभे राहिले की १८५५ च्या फेब्रुवारीत ते जनतेलाही खुले झाले. दोनच वर्षांनी, १८५७ च्या उठावात, त्याचा खरा उपयोग कुणाला होता ते उत्तर हिंदुस्थानने पाहिले. घरात तार आली की ती कुणी उघडण्याआधीच बाया रडायला लागत. ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ हे चार शब्द ज्या पिढीने वाचले तिला विचारा, तारेची आठवण गोड आहे का. आई गेली असली तरी ‘सीरियस’ लिहायची पद्धत होती. निदान प्रवास तरी धड व्हावा.

ट्रंक कॉलचेही तेच. सकाळी नंबर बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे, माणूसच हवा असेल तर ‘पी.पी.’ म्हणायचे, आणि मग दिवसभर फोनपाशी बसायचे. लागलाच तर तीन मिनिटांत ऑपरेटर मध्ये बोलणार. १९६० मध्ये लखनौ-कानपूर थेट डायलिंग सुरू झाले, पण एस.टी.डी. सर्वसामान्यांच्या हाताशी आली ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पिवळ्या पाट्यांचे बूथ गल्लोगल्ली निघाले तेव्हा. त्या बूथबाहेर रात्री अकराची वाट पाहत रांगा लागत, कारण अकरानंतर दर चौथाईवर येई. आत बोलणाऱ्याची नजर भिंतीवरच्या लाल आकड्यांवर, आणि बाहेरच्यांची त्याच्यावर. हे दिवस परत यावेत असे मनापासून वाटणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तरीही हिशेबवाल्यांची वही पूर्ण नाही. १८५४ च्या टपाल कायद्याने हलक्या पत्राला अर्धा आणा हा दर देशभर सारखा केला. पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैल दूर. म्हणजे जवळचे पत्र लांबच्या पत्राचा खर्च उचलत होते, आणि ते जाणूनबुजून होते. गिरणगावातल्या खोलीतून रत्नागिरीच्या खेड्यात दरमहा जाणाऱ्या मनीऑर्डरींवर कोकणातली घरेच्या घरे उभी राहिली ती या व्यवस्थेच्या जोरावर. वाडीवर चालत जाऊन वीस-पंचवीस रुपये हातात देणाऱ्या पोस्टमनचा खर्च त्या मनीऑर्डरीच्या कमिशनातून कधीच निघाला नसता. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. मग तार दूरसंचाराच्या वाट्याला गेली, तिची वही वेगळी उघडली, आणि ती तोट्यात असल्याचे दिसू लागले. तोटा खरा होता. पण तो कुठल्या वहीत मांडायचा, हा निर्णय हिशेबनिसाचा नव्हता.

या प्रकरणात इतिहासातला एक दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे एक टोक पुण्याजवळ आहे. १८७० मध्ये मुंबईहून एडन, सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत समुद्रतळाची तार पोहोचली आणि महिनाभराचे अंतर तासांवर आले. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे केबल कंपन्यांची मक्तेदारी होती. मग २३ जुलै १९२७ ला खडकी आणि दौंडच्या केंद्रांतून इंग्लंडशी थेट बिनतारी दळणवळण सुरू झाले. संदेश खडकीहून सुटायचे, तिकडून येणारे दौंडला उतरायचे. हे ‘बीम’ तंत्र केबलपेक्षा इतके स्वस्त पडले की एकदोन वर्षांतच केबल कंपन्यांचा धंदा बसायची वेळ आली. साधा बाजाराचा नियम लावला असता तर समुद्रतळाच्या तारा तिथेच सोडून द्यायच्या होत्या. १९२८ मध्ये लंडनला याच प्रश्नावर परिषद भरली आणि तिने उलटे ठरवले. बिनतारी आणि केबल यांची एकच कंपनी करा, आणि एकाच्या नफ्यावर दुसरी जगवा. कारण उघड होते. बिनतारी संदेश कुणालाही ऐकता येतो. केबल ऐकायची तर तिच्यापर्यंत पोहोचावे लागते. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध जाहीर होताच इंग्रजांनी जर्मनीच्या केबली कापल्या होत्या, त्यामुळे एकाच साधनावर विसंबलेल्या देशाचे काय होते हे त्यांनी स्वतःच्या हातांनी करून पाहिलेले होते.

हेतू साम्राज्याचा होता, त्याचे कौतुक करायचे कारण नाही. पण निर्णयाची रीत पाहण्याजोगी आहे: साधन तोट्यात गेले म्हणून ते निरुपयोगी झाले असे त्यांनी धरले नाही. पुढे उपग्रह आले, आपल्याकडे नारायणगावजवळ आर्वीला भूकेंद्र झाले, आणि केबलचा काळ संपला असे पुन्हा सर्वांना वाटले. आज देशांमधल्या इंटरनेटचा बहुतेक सगळा भार समुद्रतळाच्या केबलीच वाहतात. फक्त तांब्याच्या जागी काचेचा तंतू आला. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबलींपैकी कितीतरी आजही त्याच तांबड्या समुद्राच्या वाटेने जातात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट अडखळले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तुटल्या तेव्हा पुन्हा तेच. मेलेले म्हणून सोडलेले तंत्र असे परत येऊ शकते.

हा दाखला ताणायचा मात्र नाही. परत आली ती केबल टाकण्याची विद्या आणि तिचा मार्ग. मोर्सची किल्ली परत आली नाही आणि येणारही नाही. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ हे कारण पुढे केले तर आपल्या घरातला माळा आणि सरकारी खाते यांत फरक राहणार नाही.

म्हणून मला वाटते, साधनाऐवजी ते साधन कोणती कामे करत होते याची यादी पुढ्यात घ्यावी. निरोप पोहोचवणे हे तारेचे एक काम होते आणि ते मोबाइलने केव्हाच काढून घेतले होते. दुसरे काम मात्र शेवटपर्यंत तिच्याकडेच होते: निरोप दिला होता याचा पुरावा. रजा वाढवून मागणारा जवान तार करत असे, कारण तारेचा कागद वरिष्ठांना नाकारता येत नसे. घरच्यांच्या विरोधात लग्न केलेली जोडपी ‘आम्ही राजीखुशीने लग्न केले आहे’ अशी तार पोलिसांना आणि घरी पाठवत. अपहरणाची तक्रार झालीच तर हाताशी पावती असे. पुराव्याच्या जुन्या कायद्यात तारेसाठी स्वतंत्र कलमही होते. १४ जुलैनंतर हे काम कुणी करायचे, हे कुणी सांगितले नाही. शेवटच्या दिवशी तारघरात गर्दी झाली ती आठवण म्हणून तार करणाऱ्यांची. ज्यांना तिची खरी गरज होती ते त्या गर्दीत बहुधा नसावेत.

त्या मानाने रजिस्टर्ड पोस्टचे विलीनीकरण बरे झाले, हे मान्य केले पाहिजे. जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे योग्य पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टरने पाठवलेली नोटीस पोहोचली असे गृहीत धरले जाते. घरमालक, भाडेकरू, सोसायटीचा सेक्रेटरी, ग्रॅच्युइटीसाठी झगडणारा कामगार, सगळ्यांची भिस्त या एका कलमावर. खात्याने स्पीड पोस्टात ‘रजिस्ट्रेशन’ ही जोडसुविधा ठेवली, त्यामुळे ज्याचे नाव त्याच्याच हातात पत्र देण्याचे काम चालू राहिले. माग काढता येतो, वेगही वाढला. खटकतो तो दर. वीस ग्रॅमची रजिस्टर्ड नोटीस करासह २६ रुपयांच्या आत जात होती. ऑक्टोबर २०२५ पासून शहराबाहेर स्पीड पोस्टाला ४७ रुपये, रजिस्ट्रेशनचे पाच, वर कर. गावातल्या गावात १९ रुपये आहेत, तिथे फारसे बिघडत नाही. पण नागपूरहून मुंबईच्या कंपनीला नोटीस पाठवणाऱ्याला दुपटीहून जास्त मोजावे लागतात, आणि त्याला वेग नकोच आहे. त्याला पावती हवी आहे. सावकाश जाणारा स्वस्त पर्याय ठेवणे अशक्य नव्हते.

यावर कुणी म्हणेल, पावती फोनवरही मिळते. मिळते, पण न्यायालयांचे अजून एकमत दिसत नाही, आणि न दिसण्याला कारण आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस निळ्या खुणा पाहून बजावल्याचे मानले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले, की हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर चालणार नाही. पैशांची वसुली चुकवणारा आणि अटकेची टांगती तलवार असलेला, या दोघांना एकच माप लावता येत नाही, आणि ते लावले नाही हे चांगलेच झाले. नवे साधन पुरावा म्हणून मुरायला वेळ लागतो. जुने काढून घेण्याची घाई त्या वेळेच्या आत बसवता येत नाही.

आता संकटकाळाचा मुद्दा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडचे खांब आडवे केले. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरल्या, आणि मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना कित्येक दिवस घरची खबर नव्हती. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन एक्स्चेंजच्या विजेवर चाले, घरची वीज गेली तरी बोलता येई. फायबरच्या डब्याला घरची वीज लागते. हा फरक खरा. पण त्या वादळात तांब्याच्या ताराही खांबांसकट लोळल्याच असत्या. म्हणून ‘तांबे परत आणा’ हे उत्तर नव्हे. टॉवरला किती तासांचा बॅटरीसाठा सक्तीचा, आणि तालुक्याला हॅम रेडिओचा एकतरी परवानाधारक आहे का, हे विचारणे जास्त उपयोगाचे. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला योगायोगाने हजर असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम चमूने अंदमानची खबर बाहेर पोहोचवली होती. योगायोगावर किती दिवस चालवायचे?

यानंतरची पाळी टू-जीची आहे. कंपन्यांना तिच्या रेडिओलहरी नव्या जाळ्यांसाठी हव्यात, आणि ही मागणी अवास्तव नाही. एका जुन्या जाळ्यासाठी वेगळी यंत्रणा पोसायला पैसा आणि वीज दोन्ही लागते. पण बटनांचा फोन वापरणारे आजही कोट्यवधी आहेत. त्यांचा ओटीपी त्याच्यावर येतो, *९९# वरचा बँकव्यवहार त्याच्यावर होतो, रोजगाराचा निरोपही त्याच्यावर येतो. दुकानातली काही कार्डयंत्रेसुद्धा याच जाळ्यावर चालतात. टू-जी बंद करायला माझा विरोध नाही. पण बंदची तारीख कंपनीने न ठरवता ट्रायने ठरवावी, किमान दोन वर्षे आधी जाहीर करावी, आणि जिथे आज टू-जी पोहोचते त्या प्रत्येक गावात फोर-जी पोहोचल्याची तपासणी झाल्याशिवाय त्या जिल्ह्यात बटन दाबू नये. ही तपासणी ठाण्यापासून सुरू करण्यात अर्थ नाही. ती आधी धडगाव आणि मेळघाटात करावी, आणि पावसाळ्यात करावी.