चिठ्ठीवरचा पत्ता

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती पहिल्यांदा तोंड उघडते ती कधी पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात किंवा शाळेतल्या विश्वासाच्या बाईंपाशी. तिला लागणारे सगळे त्या एका जागी नसते. उपचार, रात्रीचा निवारा, वकील, समुपदेशन, नुकसानभरपाई या गोष्टी वेगवेगळ्या दारांआड असतात. त्या दारांपर्यंत तिला नेऊन जोडून देणे म्हणजे संदर्भित करणे, रोजच्या बोलीत ‘रेफर’ करणे. या कामाविषयी काही समज इतके रुजले आहेत की त्यांचा परामर्श घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला समज असा, की पोलिसांचे काम तपासाचे. निवारा आणि वकील शोधून देणे हे समाजसेवकांचे. कायदा असे म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या अधिनियमातले कलम ५ पोलीस अधिकारी, संरक्षण अधिकारी, सेवा पुरवणारी संस्था आणि दंडाधिकारी या सर्वांवर एक कर्तव्य घालते. तक्रार त्यांच्यापर्यंत पोहोचली, की संरक्षण आदेशाचा हक्क, संरक्षण अधिकाऱ्याची आणि सेवासंस्थांची मदत, मोफत कायदेशीर साहाय्य आणि फौजदारी तक्रारीचा हक्क या गोष्टी त्यांनी बाईला सांगायच्याच आहेत. शिवाय तपासालाही हेच सोयीचे आहे. जबाब देऊन त्याच रात्री त्याच घरी परतावे लागणारी बाई आठ दिवसांत तक्रार मागे घेते. मग ‘बायका टिकत नाहीत’ असा शेरा तिच्याच माथी बसतो. डोक्यावर छप्पर आणि पाठीशी वकील असेल तर तिचा जबाब टिकतो. मुंबईत १९८४ साली पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलीस यंत्रणेच्या आवारातच बसली पाहिजे, ही त्यामागची कल्पना. पुढे राज्य शासनाने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

दुसरा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. पत्ता आणि फोन नंबर दिला की आपली जबाबदारी संपली, असा तो समज. त्या चिठ्ठीचे पुढे काय होते? घरी पिशवीची झडती होते आणि चिठ्ठी नवऱ्याच्या हाती लागते. फोन तिच्याजवळ नसतो, एसटीचे भाडे नसते. कशीबशी पोहोचली तर ज्यांची भेट घ्यायची ते साहेब दौऱ्यावर, आणि नसलेच तर नव्या माणसापुढे तीच हकीकत तिसऱ्यांदा पहिल्यापासून. ती परत फिरते आणि कागदोपत्री मात्र तिला ‘संदर्भित’ केलेले असते. खरे संदर्भित करणे तिच्या संमतीपासून सुरू होते. तिच्यासमोर पुढच्या ठिकाणी फोन करावा, तिथे कोण भेटेल त्याचे नाव सांगावे, कागदांच्या प्रती द्याव्यात, सोबत कोणी जाईल का ते पाहावे. तिला कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन केलेला सुरक्षित आहे हे विचारून ठेवावे आणि ती पोहोचली की नाही याची खात्री करावी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली उभे केलेले ‘दिलासा’ केंद्र याचा उत्तम दाखला आहे. दवाखान्यात जायला बाईला कोणाला कारण सांगावे लागत नाही. विष घेऊन आलेली, ‘पडले’ म्हणून हात मोडून आलेली बाई परिचारिका आणि डॉक्टर ओळखायला शिकले, आणि तिला त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे नेऊ लागले. पाठवण्याचे अंतर काही पावलांवर आले, हेच त्याचे मर्म.

तिसऱ्या मतात थोडे तथ्य आहे, म्हणून ते नीट तपासले पाहिजे. ‘आधी समुपदेशन करा, संसार वाचवा, गुन्ह्याचे मग पाहू.’ पुष्कळ बायकांना खरोखरच खटला नको असतो, मार थांबायला हवा असतो. त्यांची ही इच्छा मानायलाच हवी. पण निर्णय तिचा असला पाहिजे, ठाणे अंमलदाराचा नाही. कलम ५ च्याच परंतुकात स्पष्ट केले आहे, की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर कायद्याप्रमाणे पुढे जाण्याच्या कर्तव्यातून पोलिसांची सुटका होत नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनाचा नियमही वाचण्यासारखा आहे. २००६ च्या नियमांतील नियम १४ नुसार त्या बैठकीत पुरुषाला हिंसेचे समर्थन करू दिले जात नाही, आणि हे त्याला आधीच बजावून सांगायचे असते. ‘तूही थोडे सांभाळून घे’ असे मार खाल्लेल्या बाईला सांगणे म्हणजे समझोता लादणे होय. त्याला समुपदेशन म्हणू नये.

मुलांच्या बाबतीत तर वादाला जागाच नाही. पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखाली तक्रार आल्यावर पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचे असते.

‘सेवाच धड नाहीत, पाठवून उपयोग काय?’ हा शेवटचा आक्षेप पोटतिडकीतून येतो. हिंसा सोसलेल्या महिलांसाठीच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसरा मिळतो तो मोजक्याच दिवसांचा, हे खरे. पण कुठे पाठवले, कोणी घेतले, कोणी परत धाडले याची नोंद प्रत्येक ठाण्यात झाली, तरच कोणत्या तालुक्यात निवारा नाही हे शासनाला दाखवता येईल. पाठवणेच थांबवले तर उणीव कागदावर कधी येणारच नाही.

अशी बाई समोर आली तर तिला इतके तरी लगेच सांगता येते: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो.