निदानाआधीचे औषध

एप्रिल २०२० मध्ये अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि मे महिन्यात अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात कोरोना-चाचणीची सोय झाली. तोवर अमरावतीच्या रुग्णाच्या घशातील स्राव नागपूरला जाई आणि अहवाल येईपर्यंत साऱ्या घराचा जीव टांगणीला लागे. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्ण झपाट्याने वाढले, अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी पुकारावी लागली. त्या सुमारास विदर्भातील नमुन्यांत विषाणूचा जो बदललेला वंश आढळला, त्याच्याच एका शाखेला पुढे ‘डेल्टा’ हे नाव मिळाले. शत्रूची ओळख पटविणे किती मोलाचे असते, हे वऱ्हाडाला निराळे सांगावयास नको.

तरीही साध्या तापात आपण काय करतो? पहिल्याच दिवशी प्रतिजैविक मागतो, आणि ते न देणारा डॉक्टर आम्हां सुशिक्षितांनाही कच्चा वाटतो! उत्तर आधी लिहून रीत मागाहून शोधणाऱ्या विद्यार्थ्याची ही तऱ्हा. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. रोग जीवाणूचा असला, तरी रक्त वा लघवीचा नमुना पहिल्या गोळीपूर्वीच घेतला पाहिजे. गोळीनंतर जीवाणू संवर्धनात वाढेलच असे नाही. कोणते औषध त्याला लागू पडते हे कळावयास दोन-तीन दिवस लागतात, हे खरे. अत्यवस्थ रुग्णाला तोवर थांबविता येत नाही, हेही खरे. पण नमुना घेण्यास पाच मिनिटे पुरतात.

बुरशीची गोष्ट याहून करुण आहे. तूर कापताना काडी डोळ्याला लागते, जखमेत बुरशी शिरते. बुबुळावरील किंचित खरवड पोटॅशच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिचे तंतू बहुधा घटकाभरात दिसतात. त्याऐवजी दुकानातून स्टेरॉइडचे थेंब येतात. लाली ओसरल्याचा भास होतो, आत बुरशी फोफावते आणि कष्टकऱ्याचा डोळा जातो. यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि पाहणारी शिकलेली नजर लागते.

म्हणून आमची मागणी माफक आहे. धारणी, अचलपूर, मूर्तिजापूर येथील रुग्णालयांत नमुना घेणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ कायम असावा, तो नमुना त्याच दिवशी अमरावतीस वा अकोल्यास पोहोचावा आणि अहवाल रुग्ण घरी परतण्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती पडावा. साथीत हे वऱ्हाडाने करून दाखविले आहे. साथ नसताना ते का होऊ नये, याचे उत्तर आरोग्य खात्याने द्यावे.